कशात किती

मे महिन्यात मोठ्या मामांना ऊन लागलं. अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं ऊन ते; दुपारी बारानंतर शेतात कुत्रंही थांबत नाही, पण मामा ठिबकच्या नळ्या गोळा करायला गेले आणि बांधावरच बसले ते बसलेच. दवाखान्यात पोहोचले तेव्हा मी जळगावहून नुकतीच आले होते. छोटासा वॉर्ड, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, त्यात मिसळलेला स्पिरिटचा वास, आणि खाटेशेजारच्या लोखंडी दांड्याला उलटी टांगलेली बाटली. मामांना जरा हुशारी आली तशी त्यांची नजर त्या बाटलीवरच खिळली. थेंब पडतोय, पुन्हा पडतोय. नर्स सुई नीट बसलीय का ते बघायला आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, या बाटलीमा काय शे व?" ती हसून म्हणाली, "ताकद आहे, आबा. हात हलवू नका." आणि पुढच्या खाटेकडे गेली. मामांनी मान माझ्याकडे वळवली. "तू ते केमिस्ट्री शिकाडस ना माय? मंग सांग बरं."

बाटलीवर सगळं छापलेलं होतं.

सोडियम क्लोराइड, ०.९ टक्के. म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. मामांच्या डोक्यावरची बाटली अर्ध्या लिटरची, तेव्हा तिच्यात साडेचार ग्रॅम. चहाचा सपाट चमचाही भरणार नाही इतकं. मी तसं सांगितलं तर मामा गप्प झाले, मग म्हणाले, "इतलंच? मंग घरनं मीठ काय वाईट शे?" वाईट काहीच नाही, म्हटलं, पण शिरेत जायचं तर ते निर्जंतुक हवं, आणि मोजून हवं. मोजून का, तर कैरीचं लोणचं घालताना फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं, ते पाणी फोडींच्या आतलं असतं. बाहेर मीठ जास्त, आत कमी, मग पाणी आतून बाहेर धावतं. रक्तातल्या तांबड्या पेशींचंही तेच होतं. बाटलीत मीठ जास्त झालं तर त्या सुरकुततात. नुसतंच पाणी शिरेत सोडलं तर उलटं घडतं, पाणी पेशीत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. दोन्हींच्या मधोमध जिथे पेशी जशीच्या तशी राहते, ती जागा म्हणजे हे ०.९. हॅम्बर्गर नावाच्या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा आकडा धरला. त्याच काळात व्हँट हॉफ नावाचा दुसरा डच माणूस द्रावणांच्या या ओढीचं गणित मांडत होता, आणि १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं. हे सगळं मी मामांना सांगितलं नाही. कैरीपर्यंत सांगितलं. त्यांना तेवढं पुरलं. मला मात्र 'ताकद आहे' हे उत्तर कितीतरी दिवस पुरलं नाही.

त्या मुलीला दोष द्यावा असं अजूनही वाटत नाही. एका वॉर्डात एवढ्या खाटा, प्रत्येक खाटेभोवती चार नातेवाईक, आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. शिवाय तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. पण ती हे शिकलेली होती. सोडियम, क्लोराइड, समपरासारी म्हणजे रक्ताशी जुळतं द्रावण, सगळं तिने पहिल्या वर्षी लिहून पास केलेलं असणार. आमच्याकडच्या किती मुली जातात नर्सिंगला! साक्रीच्या, शिरपूरच्या, शहाद्याच्या, धडगावच्या. दहावी-बारावी मराठीतून केलेली पोर एकदम इंग्रजी पुस्तक हातात घेते आणि पहिल्याच प्रकरणात मोल येतो, कण मोजायचं एकक. सहा पूर्णांक बावीस सहस्रांश गुणिले दहाचा तेविसावा घात, हे घोकलेलं तोंडावर असतं. कशाला मोजायचं ते मात्र कुणी सांगितलेलं नसतं. सोडियमचा अणुभार २३, क्लोरीनचा ३५.५, मिळून ५८.५ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल. मग ९ ग्रॅम म्हणजे ०.१५४ मोल. पाण्यात पडताच मीठ दोन तुकड्यांत सुटतं, सोडियम वेगळा आणि क्लोराइड वेगळा, म्हणून कणांची संख्या दुप्पट, ०.३०८. रक्तातल्या विरघळलेल्या कणांचा आकडाही याच्याच आसपास असतो. फळ्यावर चार ओळींत मावणारं गणित आहे, पण त्याच्या एका टोकाला एखाद्याचे आबा झोपलेले असतात. हे टोक दाखवलं की वर्गात मागच्या बाकावर चाललेली कुजबुज थांबते, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

आणि हे 'कशात किती' आपल्या घरांत कुणाला नवीन होतं असंही नाही. माझी आजी बिबडे करायची, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजत घातली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माजघरात तो आंबट वास भरायचा, नाकाला झोंबणारा, तरी हवासा. ज्वारीच्या दाण्यांवर जगणारे जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करत असतात, त्या आंबण्याचा तो वास. मग ज्वारी धुवायची, वाळत घालायची, भरडायची आणि पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं. आजी पीठ वैरताना एका हाताने ढवळायची आणि दुसऱ्या हाताने मीठ टाकायची, मूठ उघडून, बोटांच्या फटींतून. सुरुवातीला पातेल्यात नुसतं गढूळ पाणी. मग एका ठरावीक क्षणी, अगदी बघता बघता, लाकडी दांडा जड व्हायचा. "आता ओढतंय," ती म्हणायची. पिठातल्या स्टार्चच्या कणांत साधारण ६०-७० अंशांच्या पुढे पाणी शिरू लागतं, कण फुगतात, फुटतात, आतल्या लांबलचक साखळ्या बाहेर पडून एकमेकींत अडकतात, आणि पाणी त्यांच्यात कोंडलं जातं. गढूळपणा जाऊन घाट्याला चकाकी येते ती तेव्हाच. आम्ही पोरं वाट्या घेऊन बसलेली असायचो. गरम घाटा, वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल. उरलेला घाटा बाजेवरच्या ओल्या धोतरावर थापला जायचा, तळवा पाण्यात बुडवून, गोल गोल. उन्हाने पाणी काढून नेलं की साखळ्या तिथेच ताठ होऊन राहायच्या. संध्याकाळी धोतराला मागून पाणी शिंपडून एकेक बिबडा सोडवताना जो आवाज यायचा, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

आजीला स्टार्च ठाऊक नव्हता. पण दांडा कधी ओढतो हे तिला कुठल्याही पुस्तकाहून नेमकं ठाऊक होतं. पुस्तक वाचल्यावर मला त्या पातेल्याबद्दलचा आदर वाढला, एवढं खरं.

त्याच साखळ्यांची एक गोष्ट मी दरवर्षी सांगते, आणि सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो. ज्वारीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची माळ. आणि ज्वारीच्या शेजारच्या वावरात फुटलेला कापूस? तोही ग्लुकोजचीच माळ. कडी तीच, सहा कार्बनची. रक्तात फिरते तीच. फरक फक्त दोन कड्या एकमेकींना कशा जोडल्यात याचा. स्टार्चमध्ये जोड एका बाजूला वळलेला, त्यामुळे माळ वेटोळी होते, आपल्या लाळेतलं एन्झाइम तिला सहज तोडतं. भाकरीचा घास खूप वेळ चावला तर गोड लागतो तो यामुळे. कापसात प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या उलट बसते, माळ सरळ राहते, माळेला माळ चिकटते आणि त्याचा धागा होतो. तो तोडायला लागणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. बैलाकडेही नाही, पण त्याच्या पोटात ते असलेले सूक्ष्मजीव मुक्कामाला असतात, म्हणून कडबा खाऊन तो नांगर ओढतो. एका जोडाच्या दिशेवर भाकरी की धोतर हे ठरतं. जिनिंगवरून घरी येणाऱ्या बापाच्या केसांत अडकलेला कापूस आणि ताटातली भाकरी एकाच कडीची आहे हे कळल्यावर एक मुलगा तास संपल्यावरही बाकावर बसून राहिला होता. त्याला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

रावेर-यावलकडे गेलं की ही माळ तुटताना दिसते. कच्च्या केळीच्या गरात पाचवा हिस्सा तरी स्टार्च असतो, म्हणून ती पिठूळ लागते. पिकली की त्यातला जवळजवळ सगळा साखर होऊन जातो. ही आज्ञा देतो एक वायू, इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या पानांवर भेटणारा. केळी तो स्वतःच सोडते, आणि एका केळीने सोडला की शेजारची जागी होते. घरी केळी पोत्यात गुंडाळून माच घालायचे तेव्हा हाच वायू कोंडून धरलेला असायचा. आता रायपनिंग चेंबर आलेत. थंड खोली, बंद दारं, आणि हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत इथिलीन, त्याहून जास्त नाही. कायद्याने परवानगी आहे ती एवढ्यालाच. कार्बाइडला बंदी आहे. त्याच्या खड्यांना ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो, तो इथिलीनची नक्कल करतो, साल पिवळी होते आणि गर मागे राहतो. पण खड्यांत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि ते फळाबरोबर घरी येतात. बाजारात लोक मला विचारतात, ताई, ही केमिकलची आहेत का? मला वाटतं त्यांनी विचारावं, कुठल्या केमिकलची आणि किती. हा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार वेगळं वागवतो.

मामांचा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा आणखी एक मजेशीर, म्हणजे खरं तर मला फार जवळची वाटणारी गोष्ट घडली. कागदावर एका ओळीत 'ब्लड युरिया' लिहिलं होतं आणि आकड्यापुढे बाण वर गेलेला. मामा जन्मभर युरियाच्या गोण्या वाहत आलेले. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मन्हा रगतमा युरिया कथाईन उना?" माझ्या रक्तात युरिया कुठून आला, म्हणजे. मी त्यांना म्हटलं, तोच आहे मामा, गोणीतलाच, रेणूला रेणू. आपण डाळ खातो, दूध पितो, त्यातल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन यकृत युरियात बांधतं आणि मूत्रपिंड तो लघवीतून बाहेर टाकतं. उन्हात अंगातलं पाणी आटलं, मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेलं, म्हणून तो साठला. पाणी मिळालं की उतरेल. मामा विचार करत राहिले. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन हा हिशेब त्यांना पाठ. कपाशीला पहिला हप्ता कधी आणि किती हेही. बादलीत युरिया टाकून हाताने ढवळला की पाणी अचानक गार पडतं, बोटं आखडतात, हे त्यांनीच मला लहानपणी हात बुडवून दाखवलं होतं. विरघळताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो हे मला कळलं खूप पुढे, अकरावीत, आणि तेव्हा मला मामांच्या विहिरीवरची ती बादली आठवली होती.

१८२८ साली व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट तापवलं आणि भांड्यात युरिया तयार झाला. तोवर अशी समजूत होती की जिवंत शरीरातले पदार्थ शरीरातच होतात, त्यांना काही वेगळी प्राणशक्ती लागते. त्या समजुतीला तिथे पहिला मोठा तडा गेला. सेंद्रिय रसायनशास्त्राची दारं ज्या रेणूने उघडली तो आमच्या ओसरीवर गोण्यांनी रचलेला असतो, आणि रिपोर्टातही असतो. शाळेत हे दोन धडे वेगवेगळ्या पुस्तकांत येतात याचं मला वाईट वाटतं.

पण शेताच्या बाजूने विचार करताना एक गोष्ट मनातून जात नाही. फवारणी. पंप पंधरा-सोळा लिटरचा, औषधाच्या डब्यावर मात्रा लिहिलेली दहा लिटरला अमुक मिली, आणि मोजायला डब्याचं झाकण. किडीने जोर धरला की झाकणं वाढतात. दोन औषधं एकत्र होतात. वारा उलटा फिरतो, पाठीवरचा पंप गळतो, सदरा ओला होतो. सेंद्रिय फॉस्फरसवाली औषधं त्वचेतूनही आत जातात. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रेणूने, आणि निरोप पोहोचला की एक एन्झाइम तो रेणू लगेच तोडून टाकतं. हे विष नेमकं त्या एन्झाइमला जाऊन बसतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास भरून येतो. डॉक्टर ॲट्रोपीन देतात, जे ग्रंथींकडे आणि श्वासनलिकांकडे जाणारा तो निरोप पोहोचू देत नाही. हे ॲट्रोपीन बांधावरच्या धोतऱ्यातही असतं, ज्याच्या जवळ जाऊ नको म्हणून आपल्याला लहानपणी दटावलेलं असतं. जास्त झालं तर तेही विषच. मारणारं आणि वाचवणारं यांत अंतर किती, तर मिलिग्रॅमचं. दहा लिटरला वीस मिली तर पंधरा लिटरला किती, हे त्रैराशिक सातवीतल्या पोराला येतं. त्याच्या बापाला डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायला तेच पोर शेतात उभं राहिलं पाहिजे. मी माझ्या वर्गाला हे गृहपाठ म्हणून देते.

मामांना सोडताना डॉक्टरांनी ओआरएसच्या पुड्या दिल्या. मामीचा चेहरा उतरला. "नुसती पुडी? आणखी एक बाटली लावली असती म्हणजे..." बाटलीवरचा आपल्याकडचा विश्वास मी समजू शकते. ती टांगलेली दिसते, तिला पैसे पडतात, तिच्यासाठी खाट मिळते. पुडी पाण्यात जाते आणि दिसेनाशी होते. पण या पुडीत जेवढं रसायनशास्त्र आहे तेवढं त्या बाटलीत नाही, असं माझं ठाम मत आहे. मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवलेलं माप, एका लिटरला. मोलमध्ये बदलून बघितलं तर मिठातला आणि सायट्रेटमधला मिळून सोडियम आणि ग्लुकोज अगदी समसमान येतात, लिटरला ७५ मिलिमोल. हे मुद्दाम जुळवलेलं आहे. आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जुलाब कितीही चालू असोत, हे दार बहुधा शाबूत असतं. साखर जास्त घातली, चांगलं लागावं म्हणून, तर आतड्यात कण जास्त होतात आणि कैरीच्या फोडीसारखं शरीरातलंच पाणी बाहेर ओढलं जातं, जुलाब वाढतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे ते नातेवाईक काही डॉक्टर-नर्स नव्हते. माप कुणीतरी बरोबर करून दिलेलं होतं. मामीला मी हे बनगावचं सांगितलं तेव्हा तिने पुडी परत उचलून मागची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला.

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात मी मोल शिकवायच्या आधी ओआरएसची पाकिटं वाटली आणि वाचायला लावली. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी बराच वेळ पाकीट उलटंसुलटं करत होती. मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे लिटरची बाटली नसते. तांब्या असतो. तांब्यात किती मावतं?" कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याने घरचा तांब्या आणला. पितळी, स्टीलचे, एक पोचे पडलेला तांब्याचा. प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने एकेक भरला. कुठे ७०० मिली, कुठे ९००, एक तर सव्वा लिटरला पोहोचला. लिटरपेक्षा लहान असलेल्यांनी हंडा आणि तांब्या मिळून माप ठरवलं, मोठा होता त्याने आतून खिळ्याने रेघ ओढली. तेवढ्यात त्याच मुलीचा पुढचा प्रश्न आला, आणि तो मला कुठल्याही परीक्षेत कधी दिसलेला नाही: तांब्या अर्ध्या लिटरचाच असेल तर अर्धी पुडी टाकली तर चालेल का?

चालणार नाही. पुडीतली भुकटी सगळीकडे सारखी मिसळलेली असेलच असं नसतं. अर्ध्या भागात मीठ जास्त येईल, उरलेल्यात ग्लुकोज. त्यामुळे पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, दोनदा अर्धा लिटर पाणी मोजून एकाच भांड्यात. घोट घोट पाजायचं, झाकून ठेवायचं, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून देऊन नवी पुडी फोडायची. तिने ते वहीत मराठीतून लिहून घेतलं, आणि खाली लिटरच्या रेघेचा तांब्या काढला.